दोन घरांमधला मोकळा चिमटा

३ एप्रिल

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी बसून घ्या. मामी जवळ असेल तर तिलाही बसवा. तुमच्या भिंगरीला तिची स्वतःची पहिली इमारत मिळाली आहे. म्हणजे मिळाल्यात जमा आहे. खरं सांगायचं तर अजून मिळायचीच आहे, पण काल मी ऑफिसातून घरी चालत न येता उड्या मारत आले आणि जिन्यात शेजारच्या आजोबांच्या भाजीच्या पिशवीवर आदळले. त्यावरून काय ते ओळखा.

इथे कालव्याच्या काठी धुलाई आळी आहे. सगळ्या गावाचे कपडे तिथे धुतले जातात. आता काठ रुंद करायचा म्हणून नगरपालिका आळीला उठवते आहे आणि बदल्यात मोठ्या रस्त्यालगत चार मजली इमारत बांधून देते आहे. चांगलंच आहे की, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. मग त्यांचा तयार नकाशा पाहिला. खाली हौद आणि नळ, वर राहायच्या खोल्या, गच्चीवर टाक्याच टाक्या, आणि कपडे वाळत घालायला जागा कुठेच नाही. उलट रस्त्यावरून एकही कपडा दिसता कामा नये अशी अट. मग कपडे ओलेच परत द्यायचे का, असं मी विचारलं, तर यंत्रावर वाळवा म्हणाले. ते यंत्र विजेवर चालतं आणि ती वीज आळीला आयुष्यात परवडायची नाही. थोडक्यात, घर मिळेल आणि धंदा जाईल.

माझा नकाशा अगदी साधा आहे. पश्चिमेला प्रत्येक मजल्यावर रुंद सज्जा आणि सज्जाभर दोऱ्या. दुपारचं ऊन भिंतीवर पडायच्या आत ओल्या चादरी ते अडवतील. चादरी वाळतील, आणि त्यांच्यातून येणारा वारा खोल्या गार करेल. हौदाचं शेवटचं स्वच्छ पाणी खाली झाडांना जाईल. समितीने मला त्या जागेवर बांबूचा दोन मजली नमुना उभारायला परवानगी दिली आहे. २७ तारखेला ते बघायला येणार, आणि मग माझा सज्जा की त्यांचा ठोकळा ते ठरणार.

आता मुद्द्याचं. समितीचे अध्यक्ष म्हणजे तुमच्या हाताखाली शिकलेले ते उंच, सरळसोट इंजिनिअर, ज्यांना तुम्ही ओळंबा म्हणायचात. त्यांना तुम्ही एक ओळही लिहायची नाही. जिंकायचं तर इमारतीनेच जिंकायचं. मला फक्त बांबूंना तिरपे आधार कुठे कुठे द्यायचे ते कळवा.

लोभ आहेच, तूर्त आधार पाठवावा.
तुमची,
भिंगरी


८ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. आ.

पत्र पोचलं. मामीने ते मोठ्याने वाचलं आणि तुझ्या उड्यांपाशी आल्यावर स्वतःही एक मारली, त्यामुळे माझा चहा सांडला. तुझं अभिनंदन आणि माझ्या चहाला श्रद्धांजली.

मी उभ्या जन्मात पुष्कळ इमारती बांधल्या. त्यांना भिंती होत्या. भाचीच्या इमारतीला चादरी असणार हे बघायला मी निवृत्त होऊन घरी बसलो, हे एक बरं झालं. असो. ओली चादर म्हणजे गलबताचं शीड समज. वारा भरला की सगळा सांगाडा घेऊन चालू पडेल. तेव्हा प्रत्येक कोपऱ्यात तिरपा बांबू हवा, एकच नको, फुली कर. काथ्या भिजवून बांध आणि बांधणाऱ्याला गाठीला लोंबकळायला लाव. तो पडला नाही तर गाठ बरी आहे.

ओळंब्याला मी लिहिणार नाही. लिहून उपयोगही नाही. नवशिका असताना त्याने माझी भिंत केसभर कलली आहे असं मालकासमोर सांगितलं होतं. भिंत कललेलीच होती, हा भाग वेगळा.

राहता राहिला तुझा गार वारा. हे मला काही पटत नाही. आमचं घर चौथ्या मजल्यावर, पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि ही इमारत मीच बांधलेली आहे. लोक म्हणतात ती तापते. तापत नाही, उबदार आहे. उद्या गॅलरीत दोन ओल्या चादरी टांगून, समोर थर्मामीटर घेऊन बसतो आणि तुझं म्हणणं साफ खोडून काढतो.

रागावू नकोस, रागावलीस तरी पत्र टाक.
तुझा,
मामा

ता. क. उबदार घराचे मालक हे पत्र लिहिताना बादलीत पाय सोडून बसले आहेत. कागदावर डाग दिसतील ते त्या पाण्याचे. – मामी


१४ एप्रिल

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

सांगाडा उभा राहिला. प्रत्येक कोपऱ्यात फुली आहे आणि गाठींना मी स्वतः लोंबकळले. एका गाठीवरून पडले. ती पुन्हा बांधली.

आळीत थोरली म्हणून एक बाई आहेत. खऱ्या नावाने त्यांना कोणीच हाक मारत नाही. सगळ्या आळीवर त्यांचाच हुकूम चालतो आणि आवाज असा की कालव्यापलीकडचा माणूस दचकावा. त्यांनी सांगाड्याभोवती एक फेरी मारली, एक खांब गदागदा हलवला आणि माझ्याकडे बघून हा आपल्यापेक्षा जास्त टिकेल असं म्हणाल्या. मग आमचं दोरीच्या उंचीवरून भांडण झालं. मला दोरी उंच हवी होती, म्हणजे मजला भरून सावली पडेल. त्यांना खाली हवी होती, म्हणजे खांदे दुखणार नाहीत. शेवटी दोरी कप्पीवर घेतली. खाली ओढून कपडे घालायचे आणि वर चढवायचे. कप्पी सुचली कोणाला यावरून आता नवीन भांडण चालू आहे.

ही मंडळी कपड्यांवर कसलीही खूण करत नाहीत, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. गावातली घरं रस्त्यावर ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने कपडे दोरीवर येतात. सुरुवात बेकरीपासून आणि शेवट घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांकडे. दोन घरांच्या मध्ये एक चिमटा मोकळा सोडतात. वाळले की एका टोकापासून घड्या घालत जायचं, गठ्ठे आपोआप घरोघरचे होतात. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं आहे आणि आजवर एक मोजासुद्धा चुकला नाही. दोरी बघितली की अख्खा रस्ता दिसतो. मी वेडी झाले आहे, मामा. मला आता कुठल्याही रस्त्यावर चिमटे दिसतात.

काल दुपारी पहिल्यांदा चादरी टांगल्या. इस्त्रीवाले काका आपलं टेबल घेऊन आत आले, गार लागतंय का ते बघतो म्हणाले आणि बघता बघता झोपी गेले. इस्त्री बंद होती म्हणून बरं.

तुमच्या प्रयोगाचं काय झालं? मौन फार लांबलं आहे.

मौन सोडावं, लोभ सोडू नये.
तुमची,
भिंगरी


१९ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. आ.

प्रयोग झाला. निष्कर्ष काढता आला नाही, कारण निष्कर्ष काढायच्या वेळी प्रयोग करणारा झोपला होता. भर दुपारी, खुर्चीत, थर्मामीटर हातात धरून. हा योगायोग असू शकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी प्रयोग पुन्हा केला. पुन्हा झोपलो. तिसऱ्या दिवशी मामीही प्रयोगात सामील झाली. शास्त्रीय दृष्ट्या अजून काहीही सिद्ध झालेलं नाही असं माझं मत आहे.

मात्र एक भानगड उपटली आहे. तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका आता आमच्या सोसायटीच्या सचिव आहेत. त्यांनी मला नोटीस धाडली. गॅलरीत कपडे वाळत घालणं हा नियम नऊचा भंग आहे म्हणे. मी तावातावाने खाली गेलो आणि हा नियम करणारा माणूस कोण दिवटा आहे असं विचारलं. बाईंनी शांतपणे नियमांचा कागद पुढे केला. खाली सही माझी. चांगली मोठी, वेलांटीदार, खाली दोन रेघा मारलेली.

मी त्यांना म्हणालो की नियम केला तेव्हा हवा वेगळी होती. त्या म्हणाल्या, हवा तीच आहे, आपलं डोकं तापलं आहे. मग मी त्यांना वर येऊन बसायचं आमंत्रण दिलं. पाच मिनिटांसाठी म्हणून आल्या. संध्याकाळी मामीने त्यांना चहाला उठवलं.

चादरी अजून टांगलेल्या आहेत. नोटीसही अजून टांगलेली आहे.

सत्तावीस तारखेला पाय जमिनीवर ठेव आणि समितीला दुपारीच बोलाव.
तुझा,
मामा

ता. क. घरात दुपारी दोन माणसं घोरतात, त्यांतलं एक आपण नव्हेच असं मामा म्हणतात. तूच ठरव. – मामी


२८ एप्रिल

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

सगळं बोंबललं. शांतपणे सांगते म्हटलं तरी सांगता येत नाही.

समिती दुपारी यायची होती. पण दुपारी ऊन फार असतं म्हणून सभासदांनी सकाळी आठलाच यायचं ठरवलं. उन्हावरचा उपाय बघायला ते ऊन टाळून आले, मामा. सकाळी सगळं जगच गार असतं. ते खाली उभे राहिले, वर बघितलं आणि छान दिसतं म्हणाले. ओळंबासाहेबांनी एक खांब डोळा बारीक करून पाहिला, एवढंच. एक टोपीवाले सभासद आहेत, त्यांना हा ठोकळाच हवा आहे. ते म्हणाले की दिसायला ठीक आहे, पण लोकांचे कपडे लोकांनी का म्हणून बघायचे. निकाल ११ मेच्या बैठकीत. तो काय लागणार हे त्यांच्या चालीवरून कळत होतं.

एवढंच असतं तर मी रडून मोकळी झाले असते. पण छान का दिसलं ते ऐका. आदल्या संध्याकाळी मला हुक्की आली की कपडे रंगावर लावू. वर पांढरे, मग पिवळे, केशरी, खाली निळे. मी थोरलींना विचारलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. पण त्यांचे डोळेच चमकले. जन्मभर घरांच्या क्रमाने लावतो आहोत, एक दिवस मनाच्या क्रमाने लावू, असं म्हणाल्या. मग काय, आम्ही सगळ्याजणी सुटलोच. फिकट निळ्यानंतर कुठला निळा यावर वाद, टाळ्या, गाणी. कोणाचं घर कुठे ते लक्षात कोण ठेवतंय, हे कोणीच विचारलं नाही. प्रत्येकीला वाटलं की दुसरीच्या लक्षात आहे, आणि सगळ्यांना वाटलं की थोरलींच्या लक्षात आहे. थोरलींना वाटलं की माझ्या, कारण मी शिकलेली.

घड्या घालायला घेतल्या तेव्हा प्रकाश पडला. अंदाजाने वाटले आणि सगळे चुकले. बँकेच्या मॅनेजरांना नाटकमंडळीचा सोनेरी झगा गेला. ओळंबासाहेबांकडे बेकरीवाल्यांची विजार गेली आहे, तिच्यात दोन ओळंबे मावतील. सकाळपासून गाव आळीवर खवळलं आहे. काहीजण आता कपडेच देणार नाही म्हणतात. थोरली मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, ते सगळ्यात वाईट. गिऱ्हाईकच गेलं तर सज्जा मिळाला काय नि ठोकळा मिळाला काय.

काय करू ते लवकर लिहा. लोभ नेहमीपेक्षा जास्त असू द्या.
तुमची,
भिंगरी


१ मे

चि. भिंगरीस,
अ. आ.

पत्र वाचून मी एवढा हसलो की मामीने पाणी आणलं. मग तुझं शेवटचं वाक्य वाचलं आणि हसू थांबलं. आता ऐक.

गठ्ठे घेऊन दारोदार फिरू नका. फिराल तर घोळ वाढेल. सगळ्या गावाला निरोप दे की चुकीचे आलेले कपडे घेऊन रविवारी सांगाड्यापाशी यावं आणि आपापले ओळखून न्यावेत. दुपारी तीन वाजता बोलाव. सकाळी नको, संध्याकाळी नको. आणि रविवार असला तरी रोजचं काम बंद ठेवू नका. चादरी पश्चिमेच्या दोऱ्यांवर नेहमीसारख्या ओल्या टांगा. बाकी काही समजावू नकोस, नकाशा दाखवू नकोस, भाषण तर मुळीच करू नकोस.

मला पटलं आहे असा याचा अर्थ घेऊ नकोस. इकडे नियम नऊवर मतदान झालं. विरोधात कोणी नव्हतं, कारण विरोध करणारे सगळे आमच्या गॅलरीत झोपले होते. नियम रद्द करणाऱ्या कागदावर मी पुन्हा तशीच सही केली. या वेळी खाली तीन रेघा मारल्या.

घाबरू नकोस. मी आहे.
तुझा,
मामा


११ मे

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र शनिवारी हातात पडलं आणि रविवारी तीन वाजता सगळं गाव आलं. कसं आलं म्हणून सांगू. लालबुंद तोंडं, काखेत दुसऱ्याचे कपडे, आणि वाटेत पाठ करून आणलेले चार खरमरीत शब्द. रस्त्यावर उभं राहवत नव्हतं इतकं ऊन. मी थोरलींच्या पाठीमागे लपले होते.

पहिल्या आल्या बेकरीवाल्यांच्या बायको. बोट रोखून आत शिरल्या, तोंड उघडलं, आणि चादरींतून वाऱ्याची झुळूक आली. त्यांनी तोंड मिटलं, पदराने कपाळ टिपलं आणि हे काय आहे असं हळूच विचारलं. मग दुसरे आले, त्यांचंही तसंच झालं. जो कोणी ओरडत येई तो आत पाऊल टाकताच आवाज खाली आणी. अर्ध्या तासात कपड्यांची अदलाबदल संपली. बँकेच्या मॅनेजरांनी सोनेरी झगा परत करताना तो दोनदा अंगाला लावून पाहिला. कपडे सापडले, आणि तरी कोणी हलेना. माणसं गठ्ठ्यांवरच बसली. इस्त्रीवाल्या काकांनी चहा केला. आळीत कधी पाय न ठेवलेली माणसं थोरलींकडे मुलाबाळांची चौकशी करत होती.

ओळंबासाहेब ती अवाढव्य विजार घेऊन आले, आपली ओळखून घेतली, एका खांबाला टेकले आणि उभ्या उभ्या झोपले. मामा, अगदी ओळंब्यात, तसूभर इकडेतिकडे नाही. थोरलींनी त्यांच्यामागे स्टूल सरकवलं.

टोपीवाल्यांची मात्र पंचाईत झाली. रस्त्याच्या बाजूला ऐन मधोमध एक भोकं पडलेला बनियन टांगला होता आणि सगळं गाव हा कोणाचा म्हणून विचारत होतं. शेवटी त्यांनी तो खाली उतरवून खिशात घातला. त्यानंतर लोकांच्या कपड्यांबद्दल ते काही बोलले नाहीत.

आणि आज बैठक झाली. ओळंबासाहेब उभे राहिले आणि म्हणाले की आपण इतकी वर्षं इमारती बांधल्या, पण रविवारी दुपारी माणसं जिथून उठायला तयार नव्हती अशी जागा पहिल्यांदाच पाहिली, आणि ती अजून बांधलेलीसुद्धा नाही. सज्जा मंजूर. चारही मजल्यांना. एकच अट, टोपीवाल्यांनी घातलेली: समितीच्या सभासदांचे कपडे मागच्या दोरीवर टांगावेत.

मी धावत आळीत गेले. थोरलींना सांगितलं तर त्या खालीच बसल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, आता माझ्या लेकीलाही हा धंदा करता येईल. एवढंच. आणि मग दोघी रडलो, आणि मग त्या रागावून म्हणाल्या की यापुढे रंगाचं नाव काढशील तर याद राख.

या पत्राला शेवट सुचत नाही, उडी मारून संपवते.
तुमची,
भिंगरी


२ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

इमारत उभी राहिली, उद्घाटनाचं बोलावणं आलं, आणि माझा गुडघा नेमका आत्ताच रुसला. चार मजले उतरायला तो तयार आहे, परत चढायला नाही. लिफ्ट नसलेली ही इमारत कोणी बांधली ते विचारू नकोस.

पायव्याच्या वेळी तिकडे येऊन ओळंब्याने माझ्यासाठी राखून ठेवलेली आखणीची दोरी धरली, ते निदान घडलं. त्याला सांग, तेव्हा उठत होती ती पहिली भिंत सरळ आहे, मी पाहिली. मला तसं विचारायचं धाडस त्याला झालं नाही, म्हणून मीच लिहितो आहे.

सोबत माझी प्रयोगाची चादर पाठवली आहे. तीच, निळ्या चौकटींची. थोरलींना सांग, धुलाईला टाकली आहे. घाई नाही. तुझ्या त्या ओल्या भिंतीत आमचीही एक वीट असावी असं मामीला वाटतं. मलाही वाटतं. आणि गार वारा पटला. हे पत्र कोणाला दाखवू नकोस.

जमेल तितक्या लवकर ये. खुर्ची सावलीत ठेवली आहे.
तुझा,
मामा


१२ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र सगळ्यांना दाखवलं. ओळंबासाहेबांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा मागून घेतलं.

आता तुमच्या चादरीचं. काल उद्घाटनाची भाषणं संपली आणि थोरलींनी पहिली दोरी खाली ओढली. बेकरीपासून सुरुवात केली. एक घर, मोकळा चिमटा, दुसरं घर, मोकळा चिमटा. सगळं गाव खाली उभं राहून आपापलं घर येण्याची वाट बघत होतं. शेवटी घड्याळवाले काका आले आणि रस्ता संपला. मग थोरलींनी तुमची चादर हातात घेतली आणि ही कुठल्या घरानंतर लावू असं मला विचारलं.

मी म्हटलं, मामांचं घर या गावात नाही, गाडीने जायला रात्र जाते, तेव्हा ही कुठेही टांगा. त्यांनी घड्याळवाल्यांच्या पुढे रस्ता जातो ना, असं विचारलं. मी म्हटलं, जातो. तो मामांच्या गावाला पोचतो का, असं विचारलं. मी म्हटलं, पोचतो.

त्यांनी घड्याळवाल्यांनंतर एक चिमटा मोकळा सोडला आणि तुमची चादर लावली.

लोभ आहे तसाच ओला राहू द्यावा.
तुमच्याच रस्त्यावरची,
भिंगरी